मक्यापुरते निरुपद्रवी

मक्याच्या शेतात एखादे द्रावण फवारावे, ओळींमधली तणे काही दिवसांत पिवळी पडून वाळावीत आणि मका मात्र काही घडलेच नाही अशा थाटात वाढत राहावा, याचे आज कोणालाही नवल वाटत नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील गायगी कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात ट्रायाझिन वर्गातील तणनाशक संयुगांचा शोध लावला. त्यांतील सिमाझिन आधी आले आणि दशक संपता संपता ॲट्राझिन शेतांपर्यंत पोहोचले. त्यानंतर मक्यासाठी अनेक निवडक, म्हणजे पीक वाचवून तण मारणारी, तणनाशके आली, पण या वर्गाच्या औषधांविषयी वाद झाला की तो बहुधा ॲट्राझिनभोवतीच फिरतो. एका बाजूला सरसकट बंदीची मागणी असते, दुसऱ्या बाजूला ‘याच्याशिवाय मका परवडणार नाही’ असे उत्तर असते, आणि दोन्ही पक्ष जणू एका रेणूच्या चारित्र्याचा निवाडा करायला बसलेले असतात. माझ्या मते प्रश्नच चुकीच्या जागी मांडला गेला आहे. तणनाशकाची निवडकता आपल्याला एवढेच सांगते की फवारणीनंतर मका जगतो. पाण्याचे काय होते, पुढच्या पिकाचे काय होते आणि वीस वर्षांनी त्याच शेतातील तणांचे काय झालेले असते, याविषयी ती काहीही सांगत नाही. आणि सार्वजनिक निर्णय घ्यायचा असतो तो नेमक्या याच गोष्टींबद्दल. म्हणून अशा औषधाची परवानगी औषधाच्या नावाला न देता जागेला, तिथल्या जमिनीला आणि पाण्याला, आणि तीही मुदतीपुरतीच द्यायला हवी.

ही निवडकता येते कुठून, हे नीट पाहिले तर पुढचा युक्तिवाद समजायला सोपा जातो. पानात प्रकाशसंश्लेषण चालू असताना हरितलवकातील डी-१ नावाच्या प्रथिनावर प्लास्टोक्विनोन हा वाहक रेणू येऊन बसतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे निघून जातो. ॲट्राझिन मुळांवाटे पानात पोहोचते आणि नेमके त्या वाहकाच्या जागेवर ठाण मांडते. इलेक्ट्रॉनांची वाट अडते, अडलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होतात आणि पान कडेपासून करपत जाते. मक्याचे डी-१ प्रथिन तणाच्या प्रथिनापेक्षा फार वेगळे नसते, म्हणजे हा घाव मक्यालाही बसू शकतो. मका वाचतो तो त्याच्या पेशींत ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे विकर मुबलक असल्यामुळे. हे विकर ॲट्राझिनच्या रेणूवरील क्लोरिनचा अणू दूर करून त्या जागी ग्लुटाथायोन जोडते आणि रेणूचा विषारीपणा संपतो. थोडक्यात, मका हे विष पचवतो, आणि तणाला ते पचवता येण्यापूर्वी पचवतो. सगळी निवडकता या वेगाच्या फरकावर उभी आहे. थंड आणि ओलसर हवामानात रोपाची वाढ मंदावली की पचवण्याचा वेगही मंदावतो आणि एरवी सुरक्षित मानलेल्या मात्रेने मक्याची पाने पिवळी पडू शकतात. मक्याच्या इतर तणनाशकांचेही असेच आहे. निकोसल्फ्यूरॉन आणि मेसोट्रिओन यांना मका पचवतो तो पी-४५० गटातील विकरांच्या बळावर, आणि गोड मक्याच्या ज्या वाणांत त्यासाठीचे जनुक बिघडलेले असते त्या वाणांना हीच ‘मक्यासाठी सुरक्षित’ औषधे जबर इजा करतात. निवडकता हा औषधाच्या बाटलीत भरून ठेवलेला गुण नव्हे. ती त्या वनस्पतीच्या, त्या हवामानाच्या आणि त्या आठवड्याच्या परिस्थितीतून निर्माण होते.

जे मक्याला जमते ते इतर जिवांनाही जमू शकते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका रोपवाटिकेत सुमारे दहा वर्षे सिमाझिन वापरले जात होते. तिथल्या ग्राउंडसेल या तणावर औषध चालेनासे झाल्याचे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि ट्रायाझिन-प्रतिकारक्षम तणांचा इतिहास तिथून सुरू झाला. पुढे अनेक देशांत, राजगिऱ्याच्या आणि चाकवताच्या कुळातील कितीतरी तणांत ही प्रतिकारक्षमता आढळली. यांपैकी बहुतेकांत डी-१ प्रथिनातील २६४ क्रमांकाच्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन हे अमिनो आम्ल आलेले असते. एवढ्याशा बदलाने ॲट्राझिनला तिथे धरून राहता येत नाही. हा बदल फुकट मिळत नाही. अशा तणांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि औषध नसलेल्या शेतात ती आपल्याच भाऊबंदांच्या मागे पडतात. (गंमत अशी की कॅनडात सापडलेल्या एका प्रतिकारक्षम रानमोहरीतील हाच दोष संकराने कॅनोला या मोहरीच्या कुळातील तेलबियांच्या पिकात आणला गेला आणि ट्रायाझिन सहन करणारा कॅनोला ऑस्ट्रेलियात मोठ्या क्षेत्रावर पेरला गेला. उत्पादनात थोडी घट सोसूनही तण आटोक्यात राहावे, असा तो सौदा होता.)

त्याहून चिंता वाटावी अशी गोष्ट वॉटरहेम्प या राजगिऱ्याच्या कुळातील तणात दिसली. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात बियाण्याचा मका वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या शेतांत २००९ च्या सुमारास असे वॉटरहेम्प आढळले की ज्याच्यावर ना ॲट्राझिन चालत होते, ना मेसोट्रिओनसारखी नवी औषधे. अभ्यासाअंती कळले की या तणाने डी-१ मध्ये काही बदल केलेला नव्हता. ते ॲट्राझिनला ग्लुटाथायोन जोडून आणि मेसोट्रिओनला पी-४५० विकरांनी पचवून निकामी करत होते, म्हणजे मका जे करतो तेच. तण मक्याच्याच मार्गाने औषध पचवू लागले की त्याला मारील आणि मक्याला वाचवील असा फरकच उरत नाही, आणि मात्रा वाढवून हा पेच सुटत नाही.

मातीतील जिवाणूंनीही आपला वाटा उचलला आहे. १९९० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी ॲट्राझिन सांडलेल्या मातीतून स्यूडोमोनास गटातील एक जिवाणू वेगळा केला, जो ॲट्राझिनमधील नायट्रोजनवर वाढतो. त्याचे पहिले विकर रेणूवरील क्लोरिन काढते. मेलामिनचे विघटन करणाऱ्या एका विकराशी त्याची तुलना केली तेव्हा दोहोंत केवळ नऊ अमिनो आम्लांचा फरक निघाला. १९५० च्या दशकापूर्वी पृथ्वीवर अस्तित्वात नसलेल्या रेणूसाठी काही दशकांत विकर घडले, ही जीवशास्त्रातील अतिशय देखणी घटना आहे, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की जिथे ॲट्राझिन वर्षानुवर्षे पडते त्या काही जमिनींत त्याचा टिकाव आठवड्यांवरून दिवसांवर येतो आणि तण पुन्हा उगवून येते. विरोधाभास असा की भूजलात, जिथे अंधार, थंडी आणि जिवाणूंचा तुटवडा आहे, तिथे तेच ॲट्राझिन वर्षानुवर्षे राहते. हवे तिथे ते लवकर संपते आणि नको तिथे ठाण मांडून बसते.

इतके सांगितल्यावर ‘मग बंदी घाला’ असे म्हणणे सोपे आहे, आणि ज्याला स्वतः तण काढावे लागत नाही त्याला ते अधिकच सोपे आहे. मक्याची सुरुवातीची वाढ संथ असते आणि ओळींमध्ये अंतर मोठे असते. पेरणीनंतरच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत तणाने ओलावा आणि नत्र पळवले तर नंतर कितीही स्वच्छता केली तरी गेलेले उत्पादन परत येत नाही. उत्तर अमेरिकेतील तणशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा तण मुळीच न काढल्यास मक्याचे जवळजवळ निम्मे उत्पादन हातचे जाते असे दिसले. जगाच्या फार मोठ्या भागात खुरपणीचे हे काम बायकांच्या आणि मुलांच्या वाट्याला येते. दिवसच्या दिवस कंबरेतून वाकून केलेल्या या कामाची नोंद कोणत्याही पर्यावरण अहवालात होत नाही. दुसरा मुद्दा जमिनीचा. तण मारण्यासाठी पुन्हा पुन्हा नांगरट आणि कुळवाच्या पाळ्या घालाव्या लागल्या की उताराच्या शेतांतली माती धुपून जाते; नांगरट न करता धसकटांत पेरणी करण्याची पद्धत अनेक ठिकाणी तणनाशकामुळेच रुजली. माती वाहून जाणे हेही प्रदूषणच आहे, आणि एकदा गेलेला मातीचा थर काही पिढ्यांतही भरून निघत नाही. त्यामुळे तणनाशकाचा पक्ष घेणारा प्रत्येक जण कंपनीचा माणूस आहे असे मानून चालणे हा आळशी युक्तिवाद आहे.

तरीही माझे पारडे पाण्याच्या बाजूला झुकते, आणि त्याचे कारण ॲट्राझिनच्या स्वभावातच आहे. ते पाण्यात फार विरघळत नाही, लिटरमागे सुमारे ३३ मिलिग्रॅम इतकेच, पण मायक्रोग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या प्रदूषणासाठी तेवढे भरपूर आहे. मातीच्या कणांना ते सैलसर धरून असते. म्हणून पेरणीनंतर फवारणी झाली आणि लगेच जोराचा पाऊस आला की ते पाण्याबरोबर ओढ्यात उतरते. वाहून जाणारी माती अडवली तरी विरघळलेले औषध बांधावरून पुढे जाते. मक्याच्या पट्ट्यातील नद्यांत त्याचे प्रमाण वर्षभर सारखे नसते. फवारणीनंतरच्या पहिल्या काही पावसांत ते एकदम चढते आणि मग उतरत जाते. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ते खाली झिरपून विहिरीत पोहोचते आणि त्याच्याबरोबर त्याचे डीइथिलॲट्राझिनसारखे विघटित रूपही पोहोचते. जर्मनीने १९९१ मध्ये ॲट्राझिनवर बंदी घातली; त्यानंतर दशके उलटली तरी तिथल्या भूजलाच्या नमुन्यांत हे दोन्ही सापडत राहिले.

मग पिण्याच्या पाण्यात ते किती चालेल? या एका प्रश्नाला जगात निदान तीन अधिकृत उत्तरे आहेत. युरोपीय संघात कोणत्याही एका कीटकनाशकाची किंवा तणनाशकाची मर्यादा लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेत ॲट्राझिनची मर्यादा ३ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वीचे २ मायक्रोग्रॅमचे मार्गदर्शक मूल्य २०११ मध्ये बदलून, ॲट्राझिन आणि त्याची क्लोरिनयुक्त विघटित रूपे मिळून, १०० मायक्रोग्रॅम केले. सर्वांत कडक आणि सर्वांत सैल मर्यादेत हजारपटींचा फरक! हे पाहून वाचक विज्ञानावरच चिडेल, पण विज्ञानाचा इथे फारसा दोष नाही, कारण तिन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. युरोपचा आकडा विषशास्त्रातून आलेलाच नाही. पिण्याच्या पाण्यात असली रसायने असूच नयेत, असे १९८० च्या निर्देशात ठरले आणि तेव्हाच्या प्रयोगशाळांना जेवढे मोजता येत होते त्याच्या आसपास मर्यादा ठेवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा गणिताचा आहे: शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ०.०२ मिलिग्रॅमपर्यंत सेवन चालेल, साठ किलोचा प्रौढ माणूस दोन लिटर पाणी पितो, आणि एकूण सेवनाचा पाचवा हिस्सा पाण्यातून येतो, असे धरले की उत्तर लिटरमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम येते. अमेरिकेचा आकडा आरोग्याच्या हिशेबाने ठरला आहे, पण त्याचे पालन झाले की नाही हे वर्षभरातील नमुन्यांच्या सरासरीवरून ठरते; आणि ज्या औषधाचे प्रमाण काही आठवडेच उसळते त्याची वार्षिक सरासरी काढणे म्हणजे पुराची खोली उन्हाळ्यातल्या पात्राशी मिसळून सांगणे होय. आकडा कोणताही घ्या, त्यामागचा प्रश्न कोणी ठरवला हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

पाण्यातल्या जिवांसाठीचा आकडा तर अधिकच अस्थिर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जलवनस्पतींच्या समुदायाला धोका कुठून सुरू होतो याची पातळी २०२० मध्ये लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली, २०२२ मध्ये ती ३.४ वर आणण्याचा प्रस्ताव दिला आणि २०२४ मध्ये ९.७ वर आणली. चार वर्षांत रेणू बदलला नाही, ओढे बदलले नाहीत. कोणते अभ्यास हिशेबात धरायचे आणि कोणते वगळायचे, एवढेच बदलले. बेडकांचा वादही याच जातीचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जीवशास्त्रज्ञ टायरोन हेज यांनी २००२ मध्ये लिहिले की लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही आफ्रिकी नखधारी बेडकांच्या नरांत उभयलिंगी लक्षणे दिसतात. उत्पादक कंपनी सिंजेंटाने हे नाकारले. २००७ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने, कंपनीच्या खर्चाने पण संस्थेच्या आराखड्यानुसार झालेल्या प्रयोगांवर भिस्त ठेवून, बेडकांच्या लैंगिक वाढीवर परिणाम होत नसल्याचा निष्कर्ष काढला. हेज यांनी २०१० मध्ये पुन्हा उलट निष्कर्ष मांडला. या वादात कोण बरोबर हे इथे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्या अभ्यासावर परवानगी टिकायची त्याचा खर्च परवानगी मागणाऱ्यानेच थेट प्रयोगशाळेला द्यायचा, ही व्यवस्था निष्कर्ष खरा असला तरी त्याला संशयास्पद करून टाकते. तो पैसा उत्पादकांकडूनच घ्यावा, पण एका सामाईक निधीत जमा करून प्रयोगशाळा कोणती आणि प्रश्न कोणता हे इतरांनी ठरवावे, एवढी साधी दुरुस्तीही अजून सार्वत्रिक झालेली नाही.

पाणी शुद्ध करण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हेही पाहायला हवे. ॲट्राझिन साध्या गाळण्याने जात नाही. त्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, आणि फवारणीच्या हंगामात तो अधिक लागतो. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील पाणीपुरवठा संस्थांनी या खर्चासाठी दावा लावला आणि २०१२ मध्ये सिंजेंटाने जबाबदारी मान्य न करता १०.५ कोटी डॉलरांवर तडजोड केली; एक हजाराहून अधिक पाणीपुरवठा यंत्रणा तिला पात्र होत्या. तडजोडीचा आकडा मोठा वाटतो, पण तो अनेक वर्षांच्या आणि अनेक गावांच्या कोळशात विभागला तर फार उरत नाही. त्यातून शिकायचे ते निराळेच आहे. पिशवीवर छापलेल्या किमतीत शेताबाहेरचा खर्च कधीच धरलेला नसतो, म्हणून कोणताही पर्याय तिच्यापुढे महाग ठरतो.

बंदी घातल्यावर काय होते याचा अनुभव युरोपात आहे. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये ॲट्राझिनला मान्यता नाकारली, कारण भूजलात ०.१ ची मर्यादा पाळली जाईल याची खात्री देता येत नव्हती. निर्णय त्यांच्या स्वतःच्या निकषाशी प्रामाणिक होता. तिथले मक्याचे पीक काही कोलमडले नाही, आणि ‘याच्याशिवाय मका नाही’ म्हणणाऱ्यांनी याची दखल घ्यायला हवी. पण रिकामी झालेली जागा मोठ्या प्रमाणावर टर्ब्युथायलॅझिनने भरून काढली, जे त्याच कुळातले, डी-१ प्रथिनाच्या त्याच जागेवर बसणारे औषध आहे. मातीला ते अधिक घट्ट धरते हे खरे. तरी त्याची विघटित रूपे भूजलात सापडू लागली आणि त्याच्या वापरावरही निर्बंध आणावे लागले. नावावर घातलेली बंदी नाव पाळते. चुलतभाऊ शेतात येतो आणि पाण्याची तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.

नव्या औषधांविषयीही भाबडेपणा नको. मेसोट्रिओनचा उगम बॉटलब्रशच्या झाडाखाली तणे कमी उगवतात या १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात केलेल्या निरीक्षणात आहे. झाडातील लेप्टोस्पर्मोन या द्रव्यावरून पुढे संश्लेषित रेणू घडले आणि २००१ पासून मेसोट्रिओन वापरात आले. टेम्बोट्रिओन आणि टोप्रामेझोन ही त्याच प्रकारे काम करणारी औषधे. ती पानातील संरक्षक रंगद्रव्यांची निर्मिती थांबवतात आणि तण पांढरेफटक पडते. हेक्टरी शे-सव्वाशे ग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रा पुरते, ॲट्राझिनच्या किलोभर मात्रेच्या मानाने नगण्य. पण ही औषधे प्लास्टोक्विनोनची निर्मितीच रोखतात, म्हणजे डी-१ वरच्या जागेसाठी ॲट्राझिनशी स्पर्धा करणारा रेणूच कमी होतो. त्यामुळे दोन्ही एकत्र फवारल्यास परिणाम बेरजेपेक्षा जास्त येतो. साहजिकच ज्या देशांत ॲट्राझिनला परवानगी आहे तिथे नवे औषध जुन्याला हटवत नाही, त्याच्याच जोडीने टाकीत जाते. ॲट्राझिनची मात्रा त्यामुळे घटवता येते, हा खरा फायदा. पण त्याला ‘पर्याय’ म्हणणे जाहिरातीला शोभते.

निवडक तणनाशकाचा एक परिणाम मात्र वादांत जवळजवळ कधीच येत नाही, आणि मला तो सर्वांत खोलवरचा वाटतो. हे औषध मक्याला वाचवते म्हणजे मक्याशिवाय शेतात असलेल्या जवळजवळ प्रत्येक रुंद पानाच्या रोपट्याला ते तण ठरवते. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत, जिथे मका माणसाने घडवला, तिथली जुनी पद्धत मका, घेवडा आणि भोपळा एकत्र घेण्याची आहे: घेवडा मक्यावर चढतो, मुळांवरच्या गाठींत नत्र साठवतो, आणि भोपळ्याची पाने जमीन झाकून तण दाबतात. पूर्व आफ्रिकेतही मक्यात घेवडा सर्रास असतो. मक्याचे निवडक तणनाशक या शेतात शिरले की भोपळा आणि घेवडा दोन्ही जातात किंवा आधीच सोडून द्यावे लागतात. तण दाबणारे पीक काढून तण मारणारे औषध आणले जाते, आणि हिशेबात फक्त मक्याची वाढलेली पोती मोजली जातात. पुढच्या हंगामाचेही असेच. ॲट्राझिनचा अंश मातीत राहिला तर ओट, शुगर बीट, सोयाबीन, भाजीपाला यांना तो बाधतो; चुनखडीच्या, जास्त सामू असलेल्या आणि कोरड्या जमिनीत तो अधिक काळ राहतो. मग सावध शेतकरी पुन्हा मकाच पेरतो, कारण तोच एक भरवशाने जगतो. मक्यावर मका आला की तीच तणे, तेच औषध आणि तीच निवड. वॉटरहेम्पची कहाणी अशाच शेतांत घडली. पिकाची फेरपालट हा प्रतिकारक्षमतेवरचा सर्वांत जुना आणि खात्रीचा इलाज, आणि औषधाचा टिकाऊपणाच तो इलाज महाग करून ठेवतो.

मग करायचे काय, याचे एक उत्तर अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि बंदीच्या बाजूचे आणि विरुद्धचे असे दोघेही त्याकडे पुरेसे पाहत नाहीत. तिथे १९९० च्या दशकाच्या आरंभी नियम केला गेला की एखाद्या विहिरीत ॲट्राझिन आणि त्याच्या क्लोरिनयुक्त विघटित रूपांचे एकत्रित प्रमाण लिटरमागे ३ मायक्रोग्रॅमच्या वर गेले की भोवतालच्या क्षेत्रात त्याचा वापर निषिद्ध करता येतो. असे शंभराहून अधिक निषिद्ध टापू, मिळून सुमारे बारा लाख एकर, आखले गेले. उरलेल्या राज्यात जमिनीच्या पोतानुसार मात्रेवर मर्यादा घातल्या गेल्या. निषिद्ध टापूंत मका पिकतच राहिला. या व्यवस्थेत दोष आहेत: विहीर बिघडल्यावर ती जागी होते आणि भूजल सुधारायला वर्षे जातात. पण निर्णय रेणूच्या नावावर न घेता पाण्याच्या मोजमापावर घेता येतो, एवढे तिने सिद्ध केले आहे. विघटित रूपे मोजणीत धरणे, हीही तिची मोठी जमेची बाजू. मूळ रेणू तेवढा मोजून ‘पाणी स्वच्छ आहे’ म्हणणे सोपे असते.

या धर्तीवर पुढे जायचे तर उथळ भूजल, वाळूसर माती, भेगाळ खडक आणि पाणीसाठ्यांची पाणलोट क्षेत्रे इथे उगवणीपूर्व फवारणीला मुळातच परवानगी नको. विहीर बिघडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. इतरत्र सबंध शेतावर फवारा मारण्याऐवजी ओळीवरच पट्टा फवारावा आणि मधली जागा कोळप्याने स्वच्छ करावी. ७५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत २५ सेंटिमीटरचा पट्टा घेतला तर औषध सरळ एक-तृतीयांशावर येते, आणि यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. जोराच्या पावसाचा अंदाज असताना फवारणी न करण्याची अट लेबलवर असून भागत नाही, तिची जबाबदारी विक्रेत्याच्या सल्ल्यावरही यायला हवी. एकाच शेतात एकाच पद्धतीने काम करणारे तणनाशक सलग किती हंगाम वापरता येईल यावर मर्यादा हवी. ही मर्यादा शेतकऱ्यावर जुलूम आहे असे कोणी म्हणेल. पण प्रतिकारक्षम तणाचे बी बांध ओळखत नाही, आणि शेजाऱ्याच्या शेतातले औषध निकामी करण्याचा अधिकार कोणाच्याही मालकी हक्कात मोडत नाही.

यावर गंभीर आक्षेप एकच आहे: जिथे विहिरींची तपासणी करणारी यंत्रणा नाही, जिथे शेते लहान आणि संख्येने प्रचंड आहेत, तिथे जागेनुसार परवानगी देणे कागदावरच राहील, त्यापेक्षा सरसकट बंदी राबवायला सोपी. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. जिथे पाणी मोजण्याची व्यवस्था उभी करता येत नाही किंवा करायची इच्छा नाही, तिथे पाण्यात टिकणारे तणनाशक विकण्याची परवानगीही नसावी, कारण मोजमाप हा परवानगीनंतरचा सोपस्कार नसून तिची अट आहे. मात्र अशा ठिकाणी बंदीबरोबर पर्यायही शेतापर्यंत जायला हवा. पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात मक्यात डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती लावून टारफुल्यासारखे परजीवी तण दाबण्याची पद्धत केनियातील कीटक संशोधन संस्थेने १९९० च्या दशकापासून विकसित केली. तिच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये टारफुल्याला मक्याच्या मुळाशी जोडूच देत नाहीत, आणि चारा मिळतो तो वेगळा. तिला बियाणे लागते, शिकवणारी माणसे लागतात, पहिल्या हंगामात कष्टही लागतात. तणनाशकाची बाटली गावोगाव पोहोचवायला विक्रेत्यांचे जाळे असते, डेस्मोडियमच्या बियाण्याला ते नसते, आणि सरकारी विस्तारसेवेने भरून काढायची पोकळी नेमकी ही आहे.

मुदतीचा मुद्दा उरतो. आजच्या बहुतेक व्यवस्थांत परवानगी एकदा मिळाली की ती चालू राहते आणि ती काढून घेण्यासाठी हानी सिद्ध करण्याचा भार जनतेवर पडतो. फेरआढावे होतात, पण ते चालू असताना विक्रीही चालूच असते, आणि आढावा जितका लांबेल तितका तो विक्रेत्याला सोयीचा असतो. हे उलटे करता येईल. ठरावीक वर्षांनी परवानगी आपोआप संपावी; ती पुन्हा हवी असेल तर उत्पादकाने त्या त्या पाणलोट क्षेत्रातील भूजलाच्या आणि ओढ्यांच्या मोजणीचे निकाल, फवारणीनंतरच्या आठवड्यांतील कमाल आकड्यांसह आणि विघटित रूपांसह, जाहीर करावेत; मोजणी स्वतंत्र यंत्रणेने करावी आणि तिचा खर्च विक्रीवरील आकारणीतून यावा. शेतात प्रतिकारक्षम तण सापडल्याची नोंदही याच कागदपत्रांत यायला हवी, कारण जे औषध तण मारत नाही त्याने पाण्यात उतरण्याचे काहीच समर्थन उरत नाही. ज्या पाणलोट क्षेत्राचे निकाल सादर होणार नाहीत, तिथली विक्री पुढच्या पेरणीआधी थांबावी.